वैशाखातलं नाताळचं गाणं

भागुजीनं गोणीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटाच्या पेरावर रक्ताचा थेंब उमटला होता, आणि त्यालाच सोनेरी चमकी चिकटली होती.

"फुटलेलं बी हाय त्यात, मास्तर. दमानं," गफूर म्हणाला. भंगाराच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो एका जुन्या पंख्याची जाळी सरळ करत होता.

भागुजीनं बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातानं गोणी सरळ फरशीवर ओतली. काचेचे लाल-निळे गोळे, त्यातले काही अर्धेच. पुठ्ठ्याच्या चांदण्या. कापसाची दाढी. आणि चमकीच्या माळांचा एवढा मोठा गुंता, की जुन्नरच्या त्या अंधाऱ्या बोळात कुणी आरसा धरल्यासारखं झालं.

नाताळ सरला की पुण्याच्या कॅम्पातले बंगले असला माल भंगारात काढत, आणि गफूर जानेवारीत तो घेऊन येई. जुन्नरात त्याला गिऱ्हाईक एकच. पिंपरी पेंढारच्या बँडचा भागुजी मास्तर. लग्नसराईच्या आधी लाइटिंगची गाडी सजवायला नव्या झिरमिळ्या घेणं त्याला परवडत नसे. कॅम्पातल्या लोकांनी एकदाच वापरून टाकलेल्या माळा त्याला मात्र तीन-चार हंगाम पुरत. मागच्या साली एक घंटा त्यानं मोठ्या ढोलाला बांधली होती, आणि नवरदेवाकडच्या बायकांनी ती कुठं मिळते म्हणून विचारलं होतं.

"आन् कॅशेट?"

"हाय की. तुमच्यासाठी येगळी काढून ठिवली." गफूरनं मागच्या फळीवरून दोन कॅसेट काढल्या. एकीवर बर्फातलं घर होतं, दुसरीवर नुसतंच एक झाड. "ह्ये ऐकून काय करता तुमी? एक शबद कळत न्हाई."

"शबद कुठं पायजेत गफूरभाई. मला ट्रंपेट ऐकायचं असतंय."

ते खरंच होतं. काही वर्षांपूर्वी माळांच्या गुंत्यात अडकून एक कॅसेट फुकट आली होती. घरी लावून बघितली, तर आत नुसता बँड होता. गाणारं कुणी नाही. भागुजीचा बाप बँडवाला, भागुजी बँडवाला. पण एवढी वाद्यं एकमेकांना न रेटता वाजतात हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. एकजण पुढं चाले, दुसरा जरा खालून त्याच्या जोडीनं जाई, आणि बास, तो जाड आवाजाचा मोठा भोंगा, तर जमिनीतून आल्यासारखा. त्या दिवशी बायकोनं, जानकाबाईनं, जेवायला दोनदा हाक मारली, तरी तो टेपपुढून उठला नाही.

तेव्हापासून तो असल्या कॅसेट गोळा करत होता. एकेक चाल कानानं उचलायची, हौशीरामला क्लॅरिनेटवर आणि कुशाबाला बासवर बसवून द्यायची. कोणतं गाणं कशाचं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं आपलीच नावं ठेवली होती. 'चढाचं', 'घंटीचं', 'सावकाशीचं'. लग्नात पंगती बसल्या की ती वाजत. लोकांना वाटे, कुठल्या तरी नव्या पिक्चरमधलं असेल.

'सावकाशीचं' सगळ्यात अवघड. ते तो संध्याकाळी दारात बसून एकटाच वाजवत असे. एकदा असाच वाजवत असताना रस्त्यापलीकडच्या खोलीतून सिस्टर आल्या आणि अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. लग्न केलं नाही, आणि नोकरी संपल्यावर परतही गेल्या नाहीत. त्यांचं नाव गावाला ठाऊक नव्हतं. कुणाला गरजही पडली नव्हती.

"हे कुठनं शिकलास रे भागुजी?"

"कॅशेटवरनं. जुन्नरातनं आनलीय."

"पुन्हा वाजव."

त्यानं वाजवलं. सिस्टर पदर घट्ट धरून उभ्या होत्या. गाणं संपल्यावर त्या ओट्यावर टेकल्या.

"नाताळचं गाणं आहे हे. गोठ्यात बाळ निजलंय, सगळीकडं शांत झालंय, असं. ट्रेनिंगला होते तेव्हा हॉस्पिटलच्या आवारात बँड यायचा. तेव्हा ऐकलेलं." मग त्यांनी विचारलं, "आणि तू हे कुठं वाजवतोस?"

"लग्नात. वरातीत बी एकदा वाजवलं व्हतं. जरा पळतं करून."

सिस्टर एवढ्या हसल्या, की आतून जानकाबाई बाहेर आली. "अरे, त्या माउलीनं मोठ्या मुश्किलीनं पोर निजवलंय," सिस्टर म्हणाल्या, "आणि तू त्याच्या उशाशी पोरं नाचवतोस?"

त्या वर्षीपासून नाताळाच्या संध्याकाळी बँड सिस्टरच्या दारात जाऊ लागला. भागुजी गोणीतली त्यातल्या त्यात धड चांदणी घेऊन जाई आणि त्यांच्या चौकटीला बांधी. त्या सगळ्यांना करंज्या देत, आणि प्रत्येक गाणं कशाचं ते समजावून सांगत. वस्तीत कुजबुज झाली. छप्पन साली बापानं धम्म घेतला, आणि हा आता किरिस्ताव होतोय का? विहाराचं बघणारे गेणभाऊ एकदा समोरासमोरच विचारायला आले.

"गेणभाऊ, वाजवायला धरम लागत न्हाई," भागुजी म्हणाला. "छातीत हवा लागतीय."

 पुढच्या नाताळाला गेणभाऊ सिस्टरच्या अंगणात करंजी खात बसलेले दिसले.

अशी बरीच वर्षं गेली. बँडच्या सुपाऱ्या कमी होत चालल्या. गावोगाव बँजो पार्ट्या निघाल्या, मग मोठाले स्पीकर आले. गफूरकडं कॅसेटऐवजी सीडी यायला लागल्या, त्या भागुजीच्या टेपला चालेनात. लाल कोट विटले, पण गाडीवरच्या माळा दर जानेवारीला बदलत राहिल्या.

दोन हजार चार सालचा वैशाख. सकाळी दूध द्यायला गेलेली जानकाबाई तांब्या तसाच घेऊन परत आली.

"सिस्टर उठंनात," ती म्हणाली.

त्यांच्या भाच्याचा फोन नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. शमुवेल त्याचं नाव, राहुरीकडं कारखान्यात कामाला. तो लगेच निघतो म्हणाला. पण आत्याला नगरला न्यायचं का, यावर तो घुटमळला. तिकडं आता कुणी राहिलं नव्हतं, आणि ऊन तर असं, की दुपारपर्यंतही थांबणं अवघड.

"हितंच ठिवा त्यांला," गेणभाऊ म्हणाले. "आपल्या वस्तीच्या मसणाच्या जाग्यात, लिंबाखाली. कुणाला इचारायचं न्हाई."

जागा मिळाली, पण खड्डा कसा घ्यायचा ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पुरायची रीत गफूरच्या लोकांत असते, म्हणून भागुजीनं जुन्नरला फोन लावला. गफूर दुकान बंद करून दोन माणसं आणि कुदळी घेऊन टेम्पोनं आला. डोक्याला रुमाल बांधून तो खड्ड्यात उतरला आणि बाजू सरळ तासू लागला. मध्येच वर बघून त्यानं विचारलं,

"मास्तर, डोकं कुन्या बाजूला करत्यात त्यांच्यात?"

 सगळे शमुवेलच्या वाटेकडं, रस्त्याकडं बघत राहिले.

शमुवेलची जीप आली तेव्हा लिंबाखाली बायकांची मोठी गर्दी झाली होती. ओतूरपासून, पार उदापुरापासून बायका आल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर होतं, कुणी मोठ्या पोरांना बरोबर आणलं होतं. शमुवेल एकटाच उतरला. चर्चचे पाळक मुंबईला गेले होते, दुसरे मिळाले नाहीत. त्यानं हातातलं बायबल उघडलं, दोन-चार ओळी वाचल्या आणि थांबला. पानं पुढं केली, मागं केली.

"मला नीट येत नाही," तो हळूच भागुजीला म्हणाला. "बऱ्याच वर्षांत गेलोच नाही मी चर्चला. काय म्हणतात अशा वेळी, आठवंना."

"आमी आमची वंदना म्हणतो," गेणभाऊ म्हणाले. "पर त्यांची बी कुनीतरी म्हणाया पायजे."

 शवपेटी म्हणून ठोकलेल्या खोक्याच्या नव्या लाकडाचा वास उन्हात दाटला होता.

भागुजीनं मागं वळून संपतला हाक मारली. संपत त्याचा मेव्हणा, बँडात मोठा ढोल वाजवायचा. "गाडीतनं माजं ट्रंपेट आन."

संपतनं त्याला बाजूला घेतलं. "दाजी, येड लागलं का? सांजच्याला ओतूरचं लगीन हाय. मयताचं वाजवून नवरदेवाम्होरं उभं ऱ्हायचं? त्यांला कळलं तर दारात बी घ्यायचे न्हाईत. ह्या साली एवढीच मोठी सुपारी हाय आपल्याला."

"मी एकटा वाजवतो. तुमी लांब ऱ्हावा."

"आन् वाजवणार काय? तुमाला त्यांचं येतंय काय मयताचं?"

"न्हाई येत," भागुजी म्हणाला. "मला नाताळचंच येतंय."

त्यानं स्वतःच जाऊन ट्रंपेट आणलं. ओठ कोरडे पडले होते. त्यानं दोनदा जिभेनं ओले केले. मग डोळे मिटून 'सावकाशीचं' धरलं.

पहिली ओळ हलली. दुसरी सरळ गेली. तिसऱ्या ओळीला खालून क्लॅरिनेट आलं, आणि भागुजीनं डोळे उघडले तर हौशीराम शेजारी उभा होता. कुशाबा बास अंगावर चढवत गर्दीतून येत होता. संपत टेम्पोला टेकून उभाच राहिला, पण त्यानं पायातल्या चपला काढल्या होत्या.

शमुवेलनं चमकून मान वर केली. भागुजीनं लगेच ट्रंपेट खाली घेतलं.

"चुकलं का, भाऊ? ह्ये नाताळचं हाय, मला म्हाईत हाय. पर आमाला दुसरं..."

"चुकलं नाही," शमुवेल म्हणाला. "हे मला येतं. हे तिनंच शिकवलं होतं मला. वाजवा तुम्ही."

पुन्हा सुरुवात झाली, आणि शमुवेल गाऊ लागला. आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता. पण मराठी शब्द होते, सगळ्यांना कळणारे. बाळ निजलंय, रात्र शांत आहे, भिऊ नका. बायका ऐकता ऐकता कडेवरची पोरं थोपटू लागल्या. ऊन तापलं होतं, आणि गफूर खड्ड्याच्या काठावर कुदळ उभी धरून मान खाली घालून उभा होता.

ओतूरला पोचल्यावर भागुजी सरळ मुलीच्या बापापुढं गेला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. बाप विचारात पडला. नवरदेवाकडच्या मंडळींना मात्र विचार करायची गरज पडली नाही. मयतावरून आलेला बँड नवरदेवापुढं नको. त्यांनी लगोलग बँजोवाल्यांना निरोप धाडला.

 संपतनं ढोल उचलून गाडीत ठेवला, मग कुशाबाचा बासही घेतला. मांडवाच्या मागच्या बाजूनं गाडी काढत असताना एक बाई लगबगीनं बाहेर आली. अंगावर जरीचं लुगडं, हातात हळदीचे डाग. नवऱ्या मुलीची आई.

"थांबा, पावणं. जेवल्याबिगर जायचं न्हाई," ती म्हणाली. मग जवळ येऊन आवाज उतरवला. "खरं का? पिंपरीच्या सिस्टर गेल्या?"

"व्हय ताई. सकाळीच."

तिनं गाडीच्या कडेला हात टेकला. "माजी अमृता पायाळू व्हती. दोन दिस सिस्टर माज्या उशापासनं हलल्या न्हाईत." तिनं मांडवाकडं बघितलं. आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. "त्यांला कुनी न्हवतं ना? शेवटाला कोन व्हतं जवळ?"

भागुजीनं संपतकडं बघितलं, मग हौशीरामकडं.

"आमी व्हतो," संपत म्हणाला. "लई मानसं व्हती, ताई. जागा पुरली न्हाई."

बाईनं मान हलवली. पदराच्या टोकानं डोळे कोरडे केले, काजळ पसरलं नाही ना ते बोटानं चाचपून बघितलं.

"पोरीला आज सांगू नका," ती म्हणाली. "ती पत्रिका द्यायला स्वतः गेली व्हती त्यांच्याकडं. मघाधरनं इचारतीय, सिस्टर आल्या का म्हणून. मी सांगन, दोन दिसांनी. आज तिला वाट बघू द्या."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बँजो सुरू झाला. ती चेहऱ्यावर हसू आणत आत गेली, आणि भागुजीच्या माणसांनी गाडी आवाज न करता, हातांनी ढकलत रस्त्याला लावली.