दाबून बसवलेलं पुस्तक

मले आंधळी म्हणा, मले राग नाही. देवीनं डोळे नेले तेव्हा मी तिसरीत होते. त्याले आता किती वर्षं झाली, कुठवर रुसून बसायचं? पण कोणी बिचारी म्हटलं का माझं डोकं फिरते. आणि आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष शोभाताई तर दर वाक्याले एकदा बिचारी म्हणत. बाई मनानं वाईट नव्हती. हे मी आजही म्हणते. मनानं वाईट असती तर निदान दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

गोष्ट एकोणऐंशी सालची. माझा भाऊ मनोहर रेल्वेत होता आणि आम्ही अजनीच्या क्वार्टरात राहत होतो. तो, सुभद्रावहिनी, त्यांची दोन पोट्टी आणि मी. त्या वर्षी दादाची बदली बिलासपूरले झाली. जूनमध्ये निघायचं होतं. दादा म्हणाला, "पुष्पा, इथं नोकरी लागली तर खुशाल राहा. नाही तर माझ्यासंगं चल. मी काही तुले टाकून जात नाही वं." तो खरंच टाकून गेला नसता. पण बिलासपूरले जाऊन मी काय करणार होते? वहिनीच्या मागं बसून मेथी निवडणार, आणि पाव्हणे आले का आतल्या खोलीत उठून जाणार. पेट्या, गाद्या, पिंप आणि मी. मले सामान व्हायचं नव्हतं.

नोकरी होती, हीच तर गंमत. ज्या अंधशाळेत मी शिकले तिथं इतिहासाच्या मास्तरची जागा रिकामी होत होती. मुख्याध्यापक होते गणपतराव. स्वतः डोळस, पण चांगला माणूस. ते म्हणाले, "पुष्पलता, बी.ए. पूर्ण कर. तोवर जागा मी धरून ठेवतो. फक्त शाळेच्या समितीच्या लोकांना एकदा तुझी खात्री पटली पाहिजे." संगं राहायले वसतिगृहातली खोली. माझी खोली! तिचं दार मी आतून लावून घेतलं आहे, असं मी बसल्या बसल्या कितीदा मनात करून पाहत होते.

बी.ए.ची पहिली दोन वर्षं एक मैत्रीण पुस्तकं वाचून दाखवायची, तिच्या जोरावर निघाली. तिचं लग्न झालं, ती अमरावतीले गेली. शेवटच्या वर्षाचं इतिहासाचं पुस्तक जाडजूड, आणि ते ब्रेलमध्ये कुठंच नव्हतं. मुंबईच्या ब्रेल छापखान्याले विचारलं, डेहराडूनच्या छापखान्याले विचारलं. नाही म्हणजे नाही. डोळसांच्या दुकानात ढिगानं पडलेलं पुस्तक, पण माझ्यासाठी ते छापलंच गेलं नव्हतं असं समजा.

तेव्हा इंदुताई पुढं आल्या. धंतोलीत राहत. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्या, आणि साठी उलटल्यावर माझ्यापाशी ब्रेल शिकायले बसल्या. आमची लिपी म्हणजे सहा ठिपके. जाड कागद धातूच्या पाटीत अडकवायचा आणि टोच्यानं एकेक ठिपका मागून टोचायचा, म्हणजे तो पुढून उठून येते. टोचायचं उजवीकडून डावीकडं, सगळं उलटं. त्यायच्या बोटाले घट्टा पडला. बोटांनी वाचणं त्यायले काही जमलं नाही, त्या डोळ्यांनीच ठिपके पाहून वाचत. पण लिहीत मोत्यासारखं.

आमची भांडणंही झाली, चांगली कडाक्याची. सुरुवातीले ताईंनी कागद वाचवायले आपल्या मनच्या खुणा काढल्या. 'साम्राज्य' शब्दाले एक खूण, 'इंग्रज' शब्दाले एक.

मी म्हटलं, "ताई, हे घरचं खातं घरी ठेवा. साऱ्या देशात एकच लिपी ठरली आहे, ती काय उगाच? उद्या हे पुस्तक जबलपूरच्या एखाद्या पोरीच्या हाती गेलं तर तिनं काय तुम्हाले खुणा विचारायले धंतोलीले यायचं?"

"तुझंच पुस्तक आहे नं वं? तिची कायले काळजी?"

"माझंही कोणी लिहिलं असतं, तर मी आज तुमच्या मागं नसते लागले."

ताईंनी झालेली पानं पुढं ओढली. मंग ती सारी पानं फाडून पुन्हा लिहिली. दुसरं भांडण नकाशाचं. पुस्तकात जिथं नकाशा होता तिथं त्यायनं लिहिलं, 'इथं नकाशा आहे.' मी म्हटलं, वा! जेवण आहे असं सांगून ताट रिकामं वाढलं. नकाशात काय आहे ते लिहा, कोणतं राज्य कोणाच्या वर, नदी कुठून कुठं. त्या दिवशी ताई रडकुंडीले आल्या. पण लिहिलं. छापील पुस्तकाचं पान जिथं बदलते तिथं त्याचा आकडाही टाकला, कारण मास्तर वर्गात छापील पानाचा आकडा सांगतात, ठिपक्यांच्या पानाचा नाही.

एकेक पान झालं का मी बोट फिरवून तपासत होते आणि गठ्ठा ताईंच्याच घरी उभा ठेवत होतो. आमच्या क्वार्टरात नाही. तिथं वहिनीनं एकदा माझ्या जुन्या वहीवर पापडाचे डबे रचले होते आणि सारे ठिपके दबून सपाट झाले होते. त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं. वहिनी म्हणाली, "अवो माय, कागदच तर आहे!" तिले दोष कायले द्यायचा? डोळसाले कागद म्हणजे शाई. शाईवर डबा ठेवला तर शाईले काय होते?

फेब्रुवारीत पुस्तक पूर्ण झालं. एप्रिलमध्ये परीक्षा. आता मी थोडी थोडी पानं जपून घरी आणून रात्रंदिवस चाचपणार, सनावळ्या पाठ करणार, एवढंच राहिलं होतं. आणि तेव्हाच ताईंच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. ठिपके पाहून पाहून डोळ्यांची वाट लावली, डॉक्टर ओरडले. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ताई दवाखान्यात निजून होत्या, आणि यापुढं बारीक काम बंद, असं डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं.

शोभाताईंले पुस्तकाची बातमी लागली. त्या घरी आल्या, माझा हात हातात धरून म्हणाल्या, "बिचारीनं किती सोसलं! या पुस्तकाचं आपण प्रकाशन करू. सदरमधला हॉल घेऊ. तू फक्त स्टेजवर येऊन एक पान वाचून दाखव. समितीचे लोकही बोलावू, गणपतराव सरांशी मी बोलले आहे."

मले समारंभाचा तिटकारा. पण समिती येणार, खात्री पटवायची हीच वेळ, असं गणपतरावांनी निरोपात कळवलं. मी हो म्हटलं. पानं आणायले ताईंच्या घरी गेले, तर त्यायची सून म्हणाली, "शोभाताई घेऊन गेल्या. बांधून आणतो म्हणाल्या, तुम्हाले दाखवायचं नाही, खुशीची गोष्ट आहे." मले बरंच वाटलं. सुटी पानं सांभाळून मी कंटाळले होते. बाइंडिंग म्हणजे मी दोरा आणि पुठ्ठा एवढंच समजून राहिले.

हॉलमध्ये अगरबत्तीचा वास, खुर्च्यांची खरखर. दादा, वहिनी पुढच्या रांगेत. स्टेजवर शोभाताई, गणपतराव, समितीचे दोघं आणि पाहुणे म्हणून शिक्षण खात्याचे एक साहेब. हेच साहेब समितीतही होते. शोभाताई बोलायले उभ्या राहिल्या.

"हे पुस्तक आमच्याकडं आलं तेव्हा इतकं फुगलेलं होतं, का पाहवत नव्हतं. बाइंडरनं महाल भागातल्या आपल्या दुकानात शिकंज्यात, त्या दाबायच्या यंत्रात, घालून आवळलं, मंग सोडलं, पुन्हा आवळलं. आता पहा कसं दाबून बसवलं आहे! चार खंडांचा ऐवज दोन खंडांत मावला!"

टाळ्या झाल्या. मले वहिनीचे पापडाचे डबे आठवले. नाही, म्हटलं, नसन. थोडं तरी राहिलं असन. देवा, थोडं तरी.

पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं. मी बोट ठेवलं. गुळगुळीत. दुसऱ्या ओळीवर ठेवलं. मधलं पान काढलं, शेवटचं काढलं. कुठं एखादा ठिपका लागे, शेजारचा नाही. एक वर्ष त्या बाईनं टोचलं होतं, आणि माझ्या बोटाखाली नुसता कागद होता.

"वाच नं वं," शोभाताई कानाशी बोलल्या. "पान उघडून दिलं आहे नं?"

"इथं काही नाही," मी म्हटलं. माईक समोर होता, हॉलभर ऐकू गेलं.

कोणीतरी हसलं. "घाबरली बिचारी."

"घाबरले नाही. ठिपके दाबून टाकले आहेत. हे आता वाचता येत नाही. कोणालेच येणार नाही."

साहेबांनी पुस्तक आपल्याकडं ओढलं. पान उलटल्याचा आवाज आला. साहेब शांत माणूस होते, आवाज अगदी गोड. म्हणाले, "बाई, ठिपके तर आहेत. मला इथून स्वच्छ दिसतायत. हे बघा, ओळीच्या ओळी आहेत."

"तुम्हाले दिसत असतील, साहेब. मले लागत नाहीत!"

"अहो, मला चष्म्याशिवाय दिसतायत, आणि तुम्हाला बोटाला लागत नाहीत?"

आता हॉल मोठ्यानं हसला. साहेबांले ठिपक्यांचा नुसता डाग दिसत होता. उंची गेली तरी डाग राहते. मी हे कसं सांगू? कोणत्या शब्दात सांगू? मी म्हटलं, "साहेब, तुम्ही हात लावून पहा. गणपतराव सर, तुम्ही सांगा."

गणपतराव पुढं आले. त्यायनं पानावरून नख फिरवलं. चांगल्या ब्रेलवर नख फिरवलं तर खर्र आवाज येते. इथं नख नुसतं सरकत गेलं. तो न आलेला आवाज मी ऐकला आणि त्यायनंही ऐकला. माझा जीव कानात आला होता.

"पुष्पलताबाई आज जरा गोंधळल्या आहेत," ते म्हणाले. "पुस्तक उत्तम झालं आहे. मंडळाचे आभार."

टाळ्या झाल्या. साहेब जाताना माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "सराव वाढवा. शिकवायचं म्हणजे आधी स्वतःला वाचता आलं पाहिजे, नाही का?"

मी गणपतराव सरांले जिन्यात गाठलं. त्यायच्या चपलांचा आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. "सर, तुम्हाले कळलं होतं."

ते एक पायरी उतरले. मंग हळूच म्हणाले, "मंडळ शाळेला दोन खोल्या बांधून देतं आहे. पावसाळ्यात मुलं ओल्या गादीवर झोपतात, पुष्पलता. त्यांच्या अध्यक्षांना भर सभेत मी काय सांगू?"

"खरं सांगायचं होतं!"

"हो," ते म्हणाले. "सांगायचं होतं." आणि जिना उतरून गेले.

मले सरांचा इतका राग आला, का रिक्षात दात आवळून बसले. पोरांच्या ओल्या गाद्या मले माहीत होत्या, मी त्याच गादीवर झोपून मोठी झाले. म्हणून राग धड करताही येईना. दादा बाजूले बसला होता. म्हणाला, "जाऊ दे पुष्पा. बिलासपूरलेही चांगले लोक आहेत म्हणतात." तो प्रेमानंच म्हणाला. मले रिक्षातून उडी टाकावी वाटली.

दुसऱ्या दिवशी ताईंले भेटायले दवाखान्यात गेले. पुस्तक मंडळानं काचेच्या कपाटात ठेवायले मागितलं होतं, मी दिलं नाही. एक खंड घेऊन गेले. कायले नेला, मले माहीत नाही. ताईंची पट्टी अजून सुटली नव्हती. माझा आवाज ऐकून त्या हात पसरून म्हणाल्या, "आणलं का? दे, माझ्या हाती दे."

मी दिलं. त्यायनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मंग पान उघडून बोट टेकवलं. बराच वेळ बोट फिरत राहिलं.

"मले काहीच लागत नाही वं," ताई हसल्या. "वर्षभर लिहिलं, पण बोटानं वाचायले काही शिकले नाही. माझी बोटंच जाड. तुले तर भराभर लागत असन, नाही?"

हो म्हणावं, असं मनात आलं. एका शब्दाचं काम होतं. पण त्या बाईनं माझ्यासाठी पानं फाडून पुन्हा लिहिली होती, तिले मी खोटं पुस्तक कसं देऊ?

"तुमची बोटं चांगली आहेत, ताई," मी म्हटलं. "मलेही लागत नाही. शिकंज्यात दाबलं त्यायनं. सारं गेलं."

त्यायचं बोट पानावर थांबलं.

"सारं?"

"सारं."

"मंग कोणी पाहिलं काहून नाही?"

"पाहिलं नं ताई. सगळ्यायनं पाहिलं."

ताईंच्या छातीतून एक आवाज आला, लहान पोरीसारखा. खाट हलायले लागली. तशी नर्स धावत आली. "रडायचं नाही, आजी! टाके ओले होतील, डोळा जाईल! बाई, तुम्ही काय सांगितलं त्यांना? बाहेर व्हा आधी!"

ताईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. श्वास रोखून त्या रडणं गिळत होत्या, आणि प्रत्येक हुंदक्याले त्यायची पकड घट्ट होत होती. नर्सनं एकेक बोट सोडवलं आणि मले दाराबाहेर नेऊन बाकावर बसवलं.