जोडचावी

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कुलूप आहे आणि माझा कुणावरच विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका, माझा धंदाच तसा.

कारखान्यातून मी दोन जुळ्या चाव्या घेऊन निघालो आणि एका रंगारीकाकांकडे आलो. काका लोकांची घरं रंगवतात. स्वतःला मात्र भाड्याची एक खोली, मागे-पुढे कुणी नाही. माझी एक चावी त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी ब्रशांच्या पेटीत. निघताना मला हिसका देऊन म्हणायचे, "सांभाळ रे बाबा." तेवढ्या शब्दावर मी उन्हापावसात लटकत राहिलो.

एकदा काका कामावर असताना घरमालक जावयाला घेऊन आले. जावई पावलं टाकून भिंत मोजू लागला. मालक म्हणाले, "एकटा जीव सदाशिव! सामान ते काय, हातगाडीवर घातलं की खोली आपली."

संध्याकाळी तेच मालक गोड हसत आले. "काका, कुलूप गंजलं की तुमचं. हे घ्या नवं, माझ्याकडून."

काका विरघळलेच. "मनाचा राजा माणूस!" मी खिडकीत जाऊन पडलो.

शेजारच्या शिवणवाल्या ताई डोकावल्या. "चाव्या किती दिल्या, काका?"

"एक. मला एकट्याला किती लागणार?"

"अहो, नव्या कुलपाला जोडचावी असते. दुसरी कुणाच्या खिशात आहे?"

काकांचा चेहरा उतरला. मला मात्र ताईंचाच संशय आला. मधली भिंत पाडली तर खोली हिलाच मिळेल ना! पण त्यांनी मशीनचं तेल आणून माझ्या पोटात सोडलं, तेव्हा जरा गप्प बसलो. सकाळी मी पुन्हा दारावर.

आणि दुपारी दारात हातगाडी! मालकांनी खिशातली चावी माझ्यात खुपसली. मी दात आवळून धरले.

"हे तर जुनंच आहे!"

"फोडू का?" जावयाने विचारलं.

"काय फोडताय, जावईबापू?" ताईंनी मशीन थांबवून मोठ्याने विचारलं. "काकांना बोलावून आणू?"

आजूबाजूची दारं एकेक उघडली. चावी गुपचूप फिरवता येते, हातोडा मात्र सगळ्यांदेखत उचलावा लागतो. हातगाडी रिकामीच परत गेली.

नवं कुलूप आता ब्रशांच्या पेटीला आहे, आणि पेटीतली माझी दुसरी चावी ताईंकडे. "मालकांना रंगकाम शिकायचं असेल तर चावी आहेच त्यांच्याकडे," असं म्हणून काका हसतात. मी हसत नाही. हातगाडीचं चाक करकरलं की अजून कान टवकारतो.

मित्रांनो, जुन्या कुलपाला थेंबभर तेल घालत जा. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर येता-जाता त्याच्या दाराकडे एक नजर टाका. हातोड्यापुढे माझं काय चालणार होतं? त्या दुपारी काकांची खोली राखली, ती उघड्या दारांनी.