नऊ किलो शंभर ग्रॅम

“साहेब, आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ नऊ किलो शंभर ग्रॅमचं? त्याच्या आईनं हत्ती गिळला होता का हो?”

ग्रंथालयातल्या मैत्रिणीनं दाखवलेली, पाठ्यपुस्तकाची छपाईला निघालेली प्रत निवृत्त सिस्टरबाईंनी टेबलावर आपटली. पुस्तक लिहिणारे डॉक्टर हसले. “आधीच्या सहा लेखांत हाच आकडा आहे, बाई.”

“सहाही जणांनी एकमेकांचं बघून उतरवलंय! मुळात ती चूक माझ्या लेखात छापली गेली, तीस वर्षांपूर्वी. बाळ होतं एक किलो नऊशेचं. पुढच्याच अंकात दुरुस्ती दिली होती. एकानं तरी उघडून बघायचा!”

आता सांगा, बाईंचं काय चुकलं? अशक्त बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घातली की ते गारठतं, हे त्यांनी दोनशे चौदा बाळं स्वतःच्या हातांनी तोलून, काखेत थर्मामीटर धरून मांडलं. रुग्णालयाच्या छोट्याशा पत्रिकेच्या अंकात दोन पानं आली. त्या दोन पानांवर थोरामोठ्यांच्या लेखांची रास उभी राहिली. संदर्भांच्या यादीत डॉक्टरांचे गुरू, गुरुबंधू, शिष्य असा सगळा गोतावळा पंगतीला बसावा तसा ओळीनं बसला, आणि जिनं चूल पेटवली तिलाच पान नाही. देवाच्या डोळ्यांदेखत एवढं धाडस होतं तरी कसं माणसाला?

“माझं नाव घाला. एक ओळ.”

“तो अंक कोणाला माहीत आहे? आणि शेवटी ‘परिचारिका वर्गाचे आभार’ मानलेत की.”

“वर्गानं नाही तोलली बाळं. मी तोलली.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “बरं, आकडा तेवढा सुधारू.”

बाईंनी पेन काढलं. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, त्याखाली पूर्ण सही आणि तारीख.

“सही कशाला?”

“तक्त्यात दुरुस्ती केली की करणाऱ्यानं सही करायची. आमच्या वॉर्डातली रीत. तुमच्यात नसेल.”

त्या दारापर्यंत पोचल्या, तोच डॉक्टरांनी टायपिस्टला हाक मारली. “एवढा आकडा बदला. सही नको.”

बाई थबकल्या, वळल्या. भिंतीशी रुग्णांसाठी खुर्ची होती. तिच्यावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

“चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या. “मी आहे इथंच.”