पदराला पुसलेले हात

आमचे हे शिंपी. एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या एकावर उभा जन्म सुईत दोरा ओवला. आता त्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "थेंब वेळेवर घाला, पण हात धुऊनच. घाण गेली तर डोळा हातचा जाईल."

हे मला सांगायचं? माझ्या भांड्यांत बघून लोक भांग पाडतील! थेंब मीच घालणार, असं ठणकावून सांगितलं.

घरी साबणाने खसाखसा हात धुतले, पदराला पुसले आणि बाटली उघडली.

"आई, थांबा!" सून ओरडली. ती पाळणाघरात कामाला, म्हणून घरातल्या सगळ्यांना शेंबडी पोरं समजते.

"धुतलेत मी हात. दिसत नाही?"

"धुतलेत, पण पुसलेत कशाला? याच पदराने मघाशी रिक्षाची सीट झटकलीत, घाम टिपलात."

मान मागे टाकून बसलेले हे म्हणाले, "अगं, तुमचं मिटेपर्यंत मी डोळा मिटू का?"

मी तणतणत बेसिनपाशी गेले. ही मागोमाग. "बेचक्यांत साबण लावा. नखांखाली. अंगठा राहिला." मग धुतलेला टॉवेल पुढे केला. "हा फक्त थेंबांच्या वेळचा."

"या घरात सासू कोण गं?"

"तुम्हीच. पण डोळा बाबांचा आहे."

मी टॉवेल हिसकावून घेतला. पुढे दर वेळी ही पहाऱ्याला उभी. नुसता चष्मा सारखा केला तरी, "पुन्हा धुवा." मी बोटं मोडत पुन्हा धुतले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. "एकदम स्वच्छ. सुईत दोरा ओवाल आता."

ह्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

एरवी सोडलं नसतं. त्या दिवशी डोळ्यांत पाणीच आलं.

"थेंब कुणी घातले?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईंनी," सून म्हणाली.

मी तिचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "घातले मी. पण ही नसती ना, तर थेंबांबरोबर घाणही मीच घातली असती. हिचे उपकार आहेत आमच्यावर."

सून तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"बघतेस काय? एकदा म्हटलं. रोज रोज नाही म्हणणार."