बाजूला बसलेली दैवशाला

फौजेच्या ट्रेनिंगमधून दैवशाला सुटीवर आली आणि दुसऱ्याच दिवशी बाजूला बसली. ओसरीच्या कोपऱ्यात चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. पुष्पाबाई लेकीकडं बघून खुशीत म्हणाल्या, "पोरगी बराबर हाय माझी."

अर्पिताला मात्र चैन पडेना. अंगावरच्या छकुलीला पाजता पाजता ती नणंदेवर नजर ठेवून होती. तिनं न्हाणीत ठेवलेलं पॅडचं पाकीट अजून फोडलेलंच नव्हतं. नको ते मनात आलं आणि निघता निघेना. सासूच्या ध्यानात यायच्या आत विचारून घ्यावं?

दुपारी पुष्पाबाई मागच्या अंगणात गेल्या, तशी ती ताट सरकवत हळूच म्हणाली, "दैवा, तुझी पाळी आलेलीच न्हाई ना? कुणी हाय का तिथं?"

दैवशाला हसली. "वैनी, तिथं झोपायला टाइम न्हाई, माणूस कुठून शोधू?"

"मंग?"

"ट्रेनिंग सुरू झालं अन् बंदच पडली. आमच्या बराकीत निम्म्या पोरींचं तसंच. कटकट गेली म्हणतो आम्ही."

"मंग हे बसायचं नाटक कशाला?"

"आल्या आल्या आईनं तारीख विचारली. न्हाई म्हणले असते तर तिनं काय समजलं असतं? तुम्ही समजलात तेच."

अर्पिताचा चेहरा उतरला. दैवशाला तांब्या घ्यायला उठली आणि पहिल्याच पावलाला तिनं भिंत धरली.

"पायाला काय झालं?"

"नडगी ठणकते. पळून पळून."

अर्पिता बी.एस्सी. झालेली, तिला लगेच उमगलं. पोटात पुरेसं जात नाही आणि अंग मोडेस्तोवर पळवतात. मग शरीर आधी पाळी थांबवतं. हार्मोन उतरले की हाडंही कच्ची पडतात. तिची स्वतःची पाळी बाळंतपणापासून आली नव्हती, पण तिला डिंकाचे लाडू होते, दुपारची झोप होती. हिला?

"आजच जालन्याला डॉक्टरकडं चल."

"अजिबात न्हाई! पायाच्या एक्स-रेत काही निघालं तर मागच्या बॅचमधी टाकतील. माझ्याबरोबरच्या पोरी पुढं जातील, वैनी. कुणाला सांगू नका, तुम्हाला छकुलीची शपथ."

शपथेनं अर्पिता क्षणभर थबकली. मग तिनं छकुलीला पाळण्यात टाकलं, सरळ चटईवर जाऊन दैवशालाचा दंड धरला.

"शिवलीस का तिला!" मागच्या दारातून पुष्पाबाई ओरडल्या. "आता लेकराला कशी घेशील?"

"ती बसलेली न्हाई, आत्या. पाळी बंद पडलीय तिची. तुम्हाला वाटंल तसलं काही न्हाई. ट्रेनिंगनं झालंय, तिथल्या निम्म्या पोरींचं असंच हाय."

पुष्पाबाईंची नजर लेकीच्या पोटावर गेली. दैवशाला कडाडली, "वाटोळं केलं माझं, वैनी!"

"मागची बॅच मिळंल. हाड मोडलं तर कोणतीच न्हाई."

पुष्पाबाई पुढं आल्या, खाली बसल्या आणि लेकीची नडगी अंगठ्यानं दाबली. दैवशाला किंचाळली. लहानपणी झाडावरून पडली तेव्हासुद्धा ती अशी ओरडली नव्हती. पुष्पाबाईंचा हात तिथंच राहिला.

"निम्म्या पोरींचं असंच?" त्यांनी लेकीला विचारलं. "त्यांच्या आयांना ठाऊक हाय का?"

दैवशालानं बूट ओढून घेतले आणि ओठ दाबून ती लेस बांधायला लागली. "जालन्याची गाडी किती वाजता हाय, वैनी?"