माझ्यात होड्या किती?

अहो, डोळे चोळू नका. तुमची नजर ठीक आहे, मीच धूसर आहे. मी एक चित्र. पहाटेचं धुकं आणि त्यात शिडाच्या होड्या. राहतं डोळ्यांच्या दवाखान्यात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा चित्रकार भारी हट्टी. होड्या आधी चांगल्या ठळक काढल्या आणि मग फडक्याने पुसत पुसत पार धुक्यात घातल्या. शेजारी त्याची बायको लोकांचे कपडे शिवायची. पण तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला.

"ऑपरेशन फसलं आणि शिवण सुटली, तर मी दिवसभर करू काय?" ती म्हणायची. भीती खरीच होती.

शेवटी ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी चित्रकाराची स्वारी मला काखोटीला मारून हजर. डॉक्टरांना भेट! आणि मला ठेवलं कुठे, तर थेट तिच्या पलंगासमोर. मलाही केवढी उत्सुकता, बाई आता काय म्हणणार!

पट्टी निघाली. तिने डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि हंबरडाच फोडला.

"अगं बाई, धुकंच आहे की सगळं! गेला माझा डोळा!"

डॉक्टरबाई धावत आल्या. मला झाकावं की उचलावं, चित्रकाराला सुचेना. शेवटी तोच माझ्यापुढे आडवा उभा राहिला.

"अगं, ते चित्र आहे! माझंच!"

तिचं रडणं एकदम थांबलं. ती त्याच्या छातीकडे बघत राहिली.

"अहो, हे बटण कुणी लावलं? पांढऱ्या शर्टाला निळा दोरा?"

"मीच. तुला दिसत नव्हतं ना, म्हटलं कशाला त्रास..."

मग तोच रडायला लागला.

आता मी बाहेरच्या बाकांसमोर टांगलेलं असतं. खाली सिस्टरने पाटी लावली आहे: 'चित्र मुळातच धूसर आहे. घाबरू नये.' लोक वाचतात, हसतात आणि होड्या मोजत बसतात. कुणाला तीन सापडतात, कुणाला चार. मला तरी काय ठाऊक? स्वतःकडे बघणार कसं!

परवा ती त्याच्याबरोबर तपासणीला आली होती. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "अहो, इथे पाचवी आहे की! बोलला नाहीत ते?"

"मला तरी कुठे माहीत होतं!" तो म्हणाला. शर्टाची सगळी बटणं आता पांढऱ्या दोऱ्याची होती.

तुमचा नंबर यायला वेळ आहे ना? मग या असे पुढे. सहावी दिसली, तर मलाही सांगा.