पिवळी रेघ

हरिओमनं पिकअपच्या फाळक्याला फळी लावली आणि ती पायानं दाबून पाहिली. चौसाळ्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमधून मोटरसायकल पहिल्यांदाच बाहेर पडणार होती. फ्रेम त्यानं स्वतः नळ्या कापून जोडली होती. इंजिन एका मोडक्या गाडीचं होतं, पण ब्रेक आणि शॉक-अब्सॉर्बर खास शर्यतीचे, वर्षभर वाट पाहून मागवलेले. परवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर त्याची बहीण राजनंदिनी ती चालवणार होती.

प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळला की तो त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा. रेघ असलेल्या बोल्टाकडं पुन्हा पाहायचं नाही, हा त्याचा नियम. दुसरा नियम घरच्यांसाठी होता: गाडीला हात लावायचा नाही.

पिकअपवाला सटवा गाडीभोवती फिरून आला.

"लाईट न्हाई, आरसा न्हाई, हॉर्नबी न्हाई. तीन वर्षं केलं काय बे तू?"

"ह्ये." हरिओमनं पुढच्या चाकाच्या चकचकीत चकत्यांकडं बोट दाखवलं. "सव्वादोनशेच्या वेगात राजनंदिनी दोन बोटांनी ब्रेक दाबणार. तवा पॅडनी ह्या चकत्या धरल्या पायजेत. न्हाई धरल्या, तर पुढं भिंत हाय."

दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईनं, रतनबाईंनी, पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"हरिओम, म्या हात लावलता."

"कशाला?"

"त्या चकत्यांला. पहाटं. तू पूजा करू दिना गेलास. कुंकू ठरंना म्हणून गोडेतेलात कालवलं, पाच-पाच बोटं लावली. मग तू वरडशील म्हणून पुसूनबी टाकलं."

"पुढच्याच चाकाला?"

"तेच लई चमकत होतं रे."

हेल्मेट घेऊन गाडीपाशी उभ्या असलेल्या राजनंदिनीनं वाकून चकतीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोट चकाकत होतं.

"आत्ता फळीपर्यंत ढकलली ना आपण," ती म्हणाली. "पॅडलाबी तेल लागलं असणार. आता ते धरायचे न्हाईत."

सटवानं पिकअपची चावी काढून खिशात टाकली.

हरिओम ओरडला नाही. पाने-पक्कड घेऊन चाकापाशी बसला. पॅड बदलायचे तर त्यांना धरणारा कॅलिपर उतरवावा लागतो, आणि प्रत्येक कॅलिपर दोन बोल्टांवर असतो. डावीकडचे दोन्ही बोल्ट कडकन सुटले. उजवीकडचा वरचाही. खालच्याला पाना बसवून त्यानं जोर लावला, तसा हात एकदम सरकला. त्यानं पाना बाजूला ठेवला आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला. तो फिरत राहिला, शेवटी तळहातात आला.

बोल्टाच्या डोक्यावर पिवळी रेघ होती. सरळ, स्वच्छ.

राजनंदिनी त्याच्या हाताकडं पाहत होती. तिनं हातातलं हेल्मेट हळूच खाली ठेवलं.

"लई नुकसान झालं का रे?" रतनबाईंनी विचारलं.

"न्हाई." त्यानं बोल्ट मुठीत मिटला. "न्हाई झालं, आई."

त्यानं चकत्या घासूनपुसून काढल्या, नवे पॅड घातले, कॅलिपर जागेवर धरून बोल्ट हातानं बसवले. मग थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि गाडीवरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पिवळ्या रेघा पुसून टाकल्या.

"आता निघायचं कवा?" सटवा म्हणाला.

"दुपारी. जेवून निघू."

"भाकर असंल तर दोन दिवस थांबतो बे."

राजनंदिनी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

हरिओमनं रंगाचं पेन आईपुढं धरलं. "मी आवळतो. रेघ तू वढ."

"अन् हात लागला तर गाडीला?"

"लागू दे."

त्या खालच्याच बोल्टापासून त्यानं सुरुवात केली. ठरलेला जोर पुरा होताच पाना टक् वाजला. त्यानं हात मागं घेतला. रतनबाईंनी पेनाचं टोपण उघडलं, पण रेघ ओढली नाही. आधी दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो बोल्ट पिरगाळून पाहिला.

हलला नाही. मग ओढली.